ब्रुअरी बघायला पहिल्यांदाच निघालात? मग हे वाचून निघा

पहिल्या खेपेला आम्ही चौघांनी एका दिवसात सहा ब्रुअऱ्या केल्या. 'केल्या' हाच शब्द बरोबर, कारण बघितली एकही नाही. माझ्या वहीत पहिल्या दोन ठिकाणांच्या नोंदी सुवाच्य आहेत, तिसऱ्या ठिकाणी अक्षर कलायला लागलंय आणि पुढची तीन पानं कोरी आहेत. ती झकास काळी बिअर चौथ्या ठिकाणची की पाचव्या, यावर आमचं अजून एकमत नाही.

त्यानंतर पुष्कळ फेऱ्या झाल्या. आता दिवसाला दोन ठिकाणं, फार तर तीन. पितो कमी, विचारतो जास्त. खालचं सगळं त्याच बेताने लिहिलंय. नुसती भरपूर प्यायची असेल तर ब्रुअरीपर्यंत तंगडतोड करायची काही गरज नाही.

१. जाताय ते ठिकाण नेमकं कसलं आहे, हे आधी बघा

नावात 'ब्रू' आहे म्हणून आत बिअर बनतेच असं नाही. ब्रुअरी हा कारखाना असतो. बिअर बनवून ती केगमध्ये (धातूच्या पिंपात), बाटल्यांत किंवा कॅनमध्ये भरून बाहेर पाठवणं हे तिचं मुख्य काम. ब्रूपबमध्ये बिअर तिथेच बनते आणि बहुतेक सगळी तिथेच, जेवणाच्या टेबलांवर संपते. टॅपरूम म्हणजे ब्रुअरीने आपली बिअर पाजण्यासाठी केलेली बसायची जागा. ती बऱ्याचदा कारखान्याला लागून असते, पण कधी कधी शहराच्या दुसऱ्या टोकालाही असते.

चौथा प्रकार नवख्यांना चकवतो. ब्रँड असतो, रेसिपी त्यांची असते, पण टाक्या दुसऱ्या कुणाच्या तरी असतात. यात लबाडी काही नाही आणि बिअर उत्तमही असू शकते. पण टाक्या बघायच्या म्हणून तिथे गेलात तर एखादं ऑफिस आणि दोन टेबलं बघून परत याल. म्हणून आधीच विचारा: "बिअर याच जागेत बनते का?"

पहिल्या फेरीसाठी माझं मत विचाराल तर ब्रूपब. टाक्या काचेपलीकडे दिसतात, खायला मिळतं आणि बनवणारा माणूस बहुधा हाकेच्या अंतरावर असतो.

२. नकाशा नंतर, फोन आधी

नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका. छोट्या ठिकाणांची आठवड्याची सुट्टी सोमवारी किंवा मंगळवारी असू शकते, आणि मद्यविक्री बंद असलेल्या दिवशी तर दारच उघडत नाही. मी एकदा फोन करून "चालू आहे ना?" एवढंच विचारलं. पलीकडून "हो हो, या" असं उत्तर आलं. दीड तास प्रवास करून पोचलो तर बसायचा भाग चालू होता, बिअर बनवायचा भाग मात्र कुलूपबंद. चूक माझीच होती. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

तेव्हापासून फोनवर चार गोष्टी विचारतो. आत फिरून बघता येईल का, की नुसतं बसता येईल? त्यासाठी नाव नोंदवावं लागतं का, आणि पैसे पडतात का? त्या दिवशी ब्रू डे, म्हणजे प्रत्यक्ष बिअर शिजवायचा दिवस आहे का? आणि छोट्या ग्लासांचा फ्लाइट मिळतो का?

ब्रू डे गाठता आला तर सोडू नका. काम सहसा सकाळी लवकर सुरू होतं, त्यामुळे दुपारी चारला पोचलात तर धुतलेली फरशी बघायला मिळेल. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि कुणाला बोलायला उसंत नसते. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या आधी जाणं सगळ्यांत चांगलं.

मग नकाशा उघडा. सगळ्या परिसराभोवती चक्कर मारण्यापेक्षा एकमेकांजवळची दोन ठिकाणं निवडा आणि प्रत्येकी किमान दोन तास धरा.

३. परतायची सोय घरातून निघण्यापूर्वी करा

इथे हिशेब मांडूनच दाखवतो, कारण "चारच तर छोटे ग्लास घेतलेत" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

एका फ्लाइटमध्ये १२० मिलीचे पाच ग्लास आहेत असं धरा. झाले ६०० मिली. बिअर सरासरी ६ टक्क्यांची असेल तर त्यात ३६ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे वजनाने सुमारे २८ ग्रॅम. शरीर साधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे एका फ्लाइटला तीन ते चार तास लागले. दोन ठिकाणी दोन फ्लाइट घेतले की सहा ते आठ. कॉफी, गार पाणी किंवा भरपेट जेवण यांनी हा वेग वाढत नाही. जेवणाने अल्कोहोल रक्तात हळू उतरतं, एवढंच.

गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा देशागणिक वेगळी आहे, काही ठिकाणी तर ती शून्य आहे. त्या मर्यादेच्या आत राहायची कसरत करूच नका. भाड्याची गाडी करा, सार्वजनिक वाहनाने जा, किंवा गटातल्या एकाने त्या दिवशी प्यायचीच नाही असं ठरवा. त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू देऊ नका. वास घेणं, टाक्या बघणं, माल्ट (बिअरसाठीचं धान्य) चावून बघणं यातलं काहीच त्याला वर्ज्य नाही, आणि संध्याकाळी वहीतल्या नोंदी त्याच्याच वाचता येतात. औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर तीच भूमिका घ्या.

४. सोबत काय न्यायचं

• जन्मतारीख असलेलं मूळ ओळखपत्र. केस पांढरे असले तरी न्या. फोनमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही, आणि मद्यपानाचं कायदेशीर वय सगळीकडे सारखं नाही.
• त्या प्रदेशात मद्य पिण्यासाठी वेगळा परवाना लागत असेल तर तो. आधी चौकशी करा.
• आगाऊ नोंदणी केली असेल तर तिची पावती किंवा संदेश.
• पुढून बंद असलेले, न घसरणारे बूट.
• छोटी वही आणि पेन. फोनमध्ये टिपण घ्यायला गेलात की माणूस फोनमध्येच राहतो.
• पाण्याची बाटली.

बुटांची अट खरीच असते. मी एकदा चपला घालून गेलो आणि मला काचेच्या अलीकडेच थांबवलं. तेव्हा राग आला होता. नंतर एका ठिकाणी नळीतून कढत पाणी फरशीवर धो धो वाहताना पाहिलं, आणि टाक्या धुवायला कॉस्टिक सोडा वापरतात हेही कळलं.

अत्तर, परफ्यूम, आफ्टरशेव्ह घरीच ठेवा. तुमच्या मनगटाला चंदनाचा वास येत असेल तर शेजारच्यालाही बिअरमध्ये चंदनच लागेल. लिपस्टिकही शक्यतो टाळा, कारण तिच्या तेलकटपणाने ग्लासातला फेस बसतो.

५. टाक्या वाचायला शिका

बहुतेक लोक टाक्यांसमोर उभं राहून फोटो काढतात आणि टेबलाकडे वळतात. पाच मिनिटं थांबलात तर त्या टाक्यांत आत्ता काय चाललंय ते कळू शकतं.

बिअर बनते चार गोष्टींपासून: माल्ट, पाणी, हॉप्स (एका वेलीची कडवट, वासाची फुलं) आणि यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव). माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली. कुणी चार दाणे हातावर ठेवले तर चावून बघा. फिक्या माल्टला बिस्किटासारखी गोडसर चव असते, काळ्या भाजलेल्या माल्टला सरळ कॉफीची. काळ्या बिअरमध्ये कॉफी कुठून आली, हा प्रश्न तिथेच मिटतो.

भरडलेलं माल्ट गरम पाण्यात, साधारण ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवतात. तेवढ्यात धान्यातल्या स्टार्चची साखर होते. मग चोथा मागे ठेवून गोड पाणी गाळून घेतात. त्याला वर्ट म्हणतात. हा चोथा बऱ्याच ठिकाणी गुरांना जातो. वर्ट चाखायला मिळालं तर नक्की चाखा. इतकं गोड असतं की यातून कडसर बिअर होते यावर विश्वास बसत नाही. पुढे ते तासभर किंवा थोडं जास्त उकळतात आणि त्यात हॉप्स घालतात. कडवटपणा हवा असेल तर हॉप्स उकळीच्या सुरुवातीला, वास हवा असेल तर अगदी शेवटी किंवा थंड झाल्यावर. हॉप्सच्या हिरव्या गोळ्या मिळाल्या तर दोन तळहातांत जोरात चोळा आणि नाक जवळ न्या. जातीप्रमाणे लिंबाची साल, देवदार, आंबा, ओलं गवत, काहीही सापडतं. हात धुतले तरी तो वास अर्धा दिवस जात नाही.

आता उंच, खाली निमुळत्या होत गेलेल्या टाक्यांकडे या. वर्ट थंड करून यात सोडतात आणि यीस्ट घालतात. टाकीवर तापमानाचा आकडा दिसतो. तो १८ ते २२ च्या आसपास असेल, टाकीतून निघालेली नळी खालच्या पाण्याच्या बादलीत बुडवलेली असेल आणि बादलीत बुडबुड बुडबुड चाललं असेल, तर आत एल, म्हणजे उबेत लवकर आंबणारी बिअर आंबतेय आणि ती जोरात आहे. आकडा १० च्या आसपास असेल तर बहुधा लॅगर, म्हणजे गारव्यात सावकाश आंबणारी बिअर. आकडा १ किंवा २ आणि बादली शांत असेल तर बिअर मुरतेय. लॅगर अशी कित्येक आठवडे मुरते, म्हणून छोट्या ठिकाणी ती कमी दिसते: तेवढ्या वेळात त्याच टाकीतून एलचे दोन घाणे निघाले असते. कुणी घरची चांगली लॅगर पाजत असेल तर त्याच्या संयमाला दाद द्या.

बव्हेरियात १५१६ साली जो फतवा निघाला, त्यात बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी घालायला परवानगी होती. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण आंबवणारं कोण आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. तुमच्या ग्लासातली बिअर दर वेळी सारखी लागते, यात त्या कामाचा वाटा मोठा आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, आणि उघड्या टाकीत डोकं घालून वास घ्यायचा नाही. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो आत साचून राहतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. वास घ्यायचाय म्हणा, तिथले लोक स्वतःच बाजूच्या छोट्या नळातून घोटभर काढून देतील. त्या नळाला झ्विकेल म्हणतात आणि त्यातून आलेली, अजून गाळ न बसलेली बिअर ही त्या दिवसाची खरी कमाई.

६. फळ्यावरच्या आकड्यांना बिचकू नका

एबीव्ही म्हणजे आकारमानाने किती टक्के अल्कोहोल. ऑर्डर देण्यापूर्वी हा आकडा बघायचाच. आयबीयू म्हणजे कडवटपणाचं माप: लिटरमागे हॉप्समधली कडू द्रव्यं साधारण किती मिलिग्रॅम. पण जिभेला तो आकडा तसाच लागत नाही. ४० आयबीयूची गोडसर स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बिअर) २५ च्या कोरड्या फिक्या बिअरपेक्षा मऊ वाटू शकते, कारण माल्टचा गोडवा कडवटपणा झाकतो.

सगळ्यांत मोठी फसगत रंगाची. काळी म्हणजे कडक, असा समज पक्का बसलेला असतो. साधी ड्राय स्टाउट चार-साडेचार टक्क्यांची असते आणि सोनेरी, निरागस दिसणारी बेल्जियन ट्रिपेल आठ-नऊ टक्क्यांची. माझी तिसऱ्या ठिकाणची नोंद कलली ती सोनेरी बिअरमुळेच.

७. फ्लाइट मागवा, पण एकदम नको

फ्लाइट म्हणजे छोट्या ग्लासांचा संच. फळीवर पाच ग्लास एका रांगेत आले की फोटो छान येतो, पण पाचव्यापर्यंत पोचेस्तोवर ती बिअर कोमट आणि फेसहीन झालेली असते. "दोन दोन करून आणा" म्हणा. कुणी नाही म्हणत नाही.

क्रम हलक्याकडून भारीकडे. आधी फिकी लॅगर किंवा गव्हाची बिअर, मग पेल एल (फिकी एल), मग आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सने जास्त कडवट), आणि जास्त अल्कोहोलच्या, आंबट किंवा धुरकट चवीच्या शेवटी. आयपीए आधी घेतली तर तिच्या कडवटपणापुढे नंतरची लॅगर पाण्यासारखी लागते आणि दोष बिचाऱ्या लॅगरच्या माथी येतो.

ग्लास हातात आला की आधी उजेडासमोर धरा. आतल्या काचेला जागोजागी बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. बदलून मागा, संकोच नको. मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्या, छोटे दोन-तीन हुंगे पुरेत. पहिला घोट तोंड धुण्यात जातो, मत दुसऱ्या घोटावर बनवा. बिअर गिळल्याशिवाय पूर्ण कळत नाही, कारण कडवटपणा मागे रेंगाळतो. पण ग्लास संपवलाच पाहिजे असंही काही नाही. मी निम्मा ठेवून देतो.

बर्फासारखी गार बिअर मागू नका. थंडीने जीभ बधिरते आणि वास वर येत नाही. लॅगर ४ ते ७ अंशांना बरी लागते, एल ७ ते १० ला, आणि भारी काळ्या बिअर त्याहून थोड्या कोमट. फार गार आली तर ग्लास दोन्ही हातांत धरून बसा आणि पाच मिनिटांनी पुन्हा वास घ्या. तीच बिअर वेगळी वाटेल.

सुरुवात कुठून करावी, असं विचारलं तर मी जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरकडे बोट दाखवतो. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळंही नसतं आणि लवंगही. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. ही बिअर हूगार्डन गावातून नामशेष झाली होती. १९६०च्या दशकात पियर सेलिस यांनी ती पुन्हा सुरू केली, आणि त्याआधी ते घरोघरी दूध पोचवायचे. तिसरी, पिल्सनर. पिल्झेन शहरात १८४२ साली जन्मलेली ही सोनेरी लॅगर दिसायला साधी, पण तिच्यात काहीही लपत नाही. नवीन ठिकाणी गेलो की मी ती आधी मागतो. ती जमली असेल तर बाकीच्यांवर भरवसा ठेवायला हरकत नसते.

दोन ग्लासांच्या मध्ये पाणी प्या. जीभ थकली वाटली तर कोरडा पाव चावा, आणि नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. हसतील लोक, पण उपाय लागू पडतो.

८. बिघडलेली की वेगळी?

नवख्याची अडचण ही असते की विचित्र चव लागली तर ती मुद्दाम आहे की चुकून, हे कळत नाही. थोड्या खुणा सांगतो.

लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर बहुधा डायअसिटाइल: यीस्टला काम पूर्ण करायला वेळ दिला नाही, किंवा नळ्या अस्वच्छ आहेत. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कोवळी आहे. उकडलेल्या मक्याचा वास येत असेल तर वर्ट पुरेसं उकळलं गेलं नसावं. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर जुनी झाली, तिला हवा लागली. आणि जी आंबट असायला नको तीच व्हिनेगरसारखी आंबट लागली तर संशय नळ्यांवर घ्या. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा या धंद्यातला दंडक आहे.

एक बिघाड तर आपण स्वतःच करतो. बाहेर उन्हात टेबल मिळालं म्हणून खूश होऊन ग्लास उन्हात ठेवला की प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं बदलतात आणि काही मिनिटांतच उग्र, गंधकासारखा दर्प येऊ लागतो. ग्लास सावलीत सरकवा.

गढूळपणा हा मात्र दोष असेलच असं नाही. गव्हाची बिअर बहुधा गढूळच असते. पिल्सनर गढूळ आली तर विचारा, कदाचित मुद्दामच न गाळता दिलेली असेल.

तक्रार करायची वेळ आली तर "बिअर खराब आहे" म्हणू नका. "यात मला लोण्याचा वास येतोय, असाच अपेक्षित आहे का?" असं विचारा. चांगला ब्रुअर लगेच स्वतः चाखून बघतो. एकदा एकाने चाखलं, मान हलवली आणि तो नळच बंद केला. त्या ठिकाणी मी अजून जातो.

९. बनवणाऱ्याशी बोलताना

"तुमची बेस्ट कुठली?" हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: आत्ता सगळ्यांत ताजी कुठली? काम संपल्यावर तुम्ही स्वतः कुठली पिता? या बॅचमध्ये मागच्या वेळेपेक्षा काय बदललं? शेवटचा प्रश्न विचारला की माणूस खुलतो. पाण्यातल्या क्षारांवर वीस मिनिटं बोलणारे भेटलेत मला. फक्त तो घड्याळाकडे बघत उकळत्या वर्टपाशी उभा असेल तर नंतर या. हॉप्स घालायची मिनिटं ठरलेली असतात आणि वर्ट उतू गेलं तर आवरायला त्यालाच लागतं. फोटो काढण्याआधीही विचारा.

१०. घरी न्यायची असेल तर

आधी तिथून बाहेर नेण्याची परवानगी आहे का आणि वाटेत हद्द ओलांडताना ती चालते का, हे काउंटरवर विचारून घ्या. काही ठिकाणी ब्रूपबला नुसती पाजायची मुभा असते.

नळावरची बिअर ग्राउलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत भरून मिळते. सर्वांत प्रचलित आकार साधारण १.९ लिटरचा. भरताना बघा: नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून भरली तर हवा कमी लागते, नुसती वरून ओतली तर फेस वाया जातो आणि बिअर लवकर शिळी होते. ही बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नसते, काही वेळा तीत जिवंत यीस्टही असतं. उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवली तर आतला दाब वाढतो आणि काच फुटू शकते. फळं घातलेल्या, गोडवा उरलेल्या बिअरबाबत तर जास्तच जपा. थंड पिशवी न्या आणि परतीच्या वाटेवर कुठेही रेंगाळू नका.

फ्रिजमध्ये बाटली उभी ठेवा. न उघडता काही दिवस टिकते, उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवायची. झाकणावर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख आणि बिअरचं नाव लिहा. माझ्या फ्रिजमध्ये एकदा तीन सारख्या तपकिरी बाटल्या होत्या आणि त्यातली एक, पाहुण्यांसमोर उघडल्यावर कळलं, घरी केलेल्या काळ्या चहाची निघाली.